जाड फळी चिरायला ब्लेड घेताय? आधी दात मोजा

सागाची किंवा शिसवीची जाड फळी उभी धरून चिरायची आणि तिच्या पातळ फळ्या काढायच्या म्हणून ब्लेड मागणाऱ्या बहुतेकांचा आग्रह एकच असतो: "जास्त दातांचं द्या, फिनिश चांगलं येतं." प्लायवूडसाठी ते बरोबर आहे. ६ इंच रुंदीची फळी चिरताना मात्र त्याच ब्लेडने घोटाळा होतो.

कारण भुसा. दोन दातांमधल्या खाचेत मावेल तेवढाच भुसा बाहेर पडतो. इंचाला १० दात असले की खाच एवढीशी. लाकडातून बाहेर पडायच्या आतच ती गच्च भरते. मग दात कापत नाही, नुसता घासतो. करपल्याचा वास आला, फळीवर काळपट पट्टा उमटला, ब्लेड रेघ सोडून पळायला लागलं, की हेच झालंय समजा. त्यावर मिस्त्री आणखी जोर लावतो आणि ब्लेड तापून निळं पडतं. असं ब्लेड आम्ही बदलून देत नाही. म्हणूनच विकण्याआधी फळी केवढी, लाकूड कोणतं, मशीन कोणतं, हे विचारतो. काहींना ही चौकशी नकोशी वाटते, पण तुमचे पैसे त्यातच वाचतात.

बँडसॉसाठी (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीची करवत) अर्धा ते पाऊण इंच रुंद, इंचाला ३ दातांचं, हुक दातांचं (पुढे झुकलेल्या दातांचं) ब्लेड घ्या. फळी थोडी खरबरीत निघेल, ते रंध्याने जातं. १४ इंची चाकांच्या मशीनवर १ इंची पट्टी चढवू नका. तिला लागणारा ताण बहुतेक मशीनना झेपत नाही.

टेबल सॉवर (टेबलातून गोल ब्लेड वर येणारी करवत) १० इंची ब्लेड जेमतेम ३ इंच वर येतं, त्यामुळे रुंद फळी उलटून दुसऱ्या बाजूनेही चिरावी लागते. शिवाय साध्या ब्लेडच्या प्रत्येक कापात सुमारे एक सूत (इंचाचा आठवा भाग) लाकूड भुशात जातं. बँडसॉवर त्याच्या निम्म्याहून कमी. मुंबईत रे रोडच्या वखारीतून महागाचा साग आणणाऱ्याला हा फरक वेगळा सांगायला नको.

सागात सिलिका असते, साध्या स्टीलची धार लवकर जाते. रोजचं काम असेल तर अतिकठीण कार्बाइडच्या दातांचं ब्लेडच परवडतं. जुन्या चाळीतून निघालेली तुळई असेल तर आधी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. डोकं तुटलेला खिळा वरून दिसत नाही.

येताना जुन्या पट्टीची पूर्ण लांबी मोजून आणा, त्या मापाची पट्टी जोडून देऊ. एक-दोन फळ्यांचंच काम असेल तर ब्लेड घेऊ नका. फळ्या घेऊन या, इथेच चिरून मिळतील.