मुलतानी मातीच्या लेपाने मुरूम मुळासकट जातात का?
मुलतानी मातीत कडुनिंबाचा पाला आणि लिंबू कालवून लावले की मुरूम मुळासकट निघतात, असे लातूर-परभणीकडे सर्रास सांगितले जाते; ते खरे नाही. माती वरवरचे तेल शोषते, म्हणून चेहरा काही वेळ कोरडा दिसतो. मुरूम मात्र संप्रेरकांमुळे वाढलेले तेल, मृत पेशी आणि जिवाणू यांनी केसाच्या मुळाशी छिद्र तुंबल्याने उठतात, आणि तिथवर लेप पोहोचत नाही. तो वाळून तडकेपर्यंत ठेवण्याचा हट्ट मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्वचेची सालपटे काढतो. लिंबाच्या आम्लाने जळजळ होते, डागही काळवंडतात. तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा, साधा लेप खुशाल लावावा आणि तो ओलसर असतानाच धुवावा; उपचार मात्र मुरुमांवर लावायच्या औषधांचा, म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापॅलीनचा, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि त्याचाही गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात.