वर्शिप लीडर

ख्रिस्ती मंडळ्यांच्या (म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या समूहांच्या), विशेषतः प्रॉटेस्टंटांतल्या पेंटेकॉस्टल आणि इव्हँजेलिकल प्रवाहांतल्या मंडळ्यांच्या, रविवारच्या उपासनेत गाण्यांचा भाग चालवणारी व्यक्ती. मराठी मंडळ्यांत ‘आज आराधना कोण घेणार?’ असे विचारतात, तेव्हा रोख याच व्यक्तीकडे असतो. गाणी निवडायची, वादकांची तालीम घ्यायची, दोन गाण्यांच्या मधे प्रार्थना करायची किंवा बायबलमधले वचन वाचायचे आणि समोरच्यांना गायला लावायचे, ही तिची कामे. पाळकाला असते तशी दीक्षा तिला सहसा नसते आणि छोट्या मंडळ्यांत मानधनही नसते. तरीही मंडळीच्या तोंडी कोणते शब्द बसावेत हे आज बऱ्याच अंशी तीच ठरवते. या कामाभोवतीचे बहुतेक वाद इथूनच निघतात.

समर्थक दावीद राजाच्या काळाचा दाखला देतात. बायबलमधील 1 इतिहास, अध्याय 25 मध्ये आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतील 288 निपुण गायकांची मोजदाद आहे. दाखला थोडा ओढूनताणून आहे, कारण ते लेवी वंशातले, नेमून दिलेले मंदिरसेवक होते. शनिवारी संध्याकाळी तालमीला जमणारी हौशी मुले नव्हेत. विरोधक दुसरीकडे बोट दाखवतात. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विनने बायबलमधील इब्रीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर भाष्य करताना म्हटले होते की, मंडळीच्या गायनाचा खरा मुख्य ख्रिस्तच. पुढची कित्येक शतके प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गाण्यांची निवड पाळक करत, साथ ऑर्गनवादक आणि गायकवृंद देत आणि गीतसंग्रहात काय जावे याची चाळणी पंथाची समिती लावत असे. नवे गीत पुस्तकात यायला एक पिढी लागली तरी कोणाला घाई नव्हती.

ही चाळणी सुटली ती 1960च्या दशकाच्या शेवटी, दक्षिण कॅलिफोर्नियात. हिप्पी तरुण येशूकडे वळू लागले आणि कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपलचे पाळक चक स्मिथ यांनी त्यांना गिटारसकट आत घेतले. त्यांची गाणी बाहेर पोचवण्यासाठी 1971 मध्ये ‘मॅरानाथा म्युझिक’ सुरू झाले. त्याच परिसरात पुढे जॉन विंबर यांनी व्हिनयार्ड ही चर्चेसची चळवळ वाढवली. पाळक होण्याआधी विंबर पॉप संगीताच्या धंद्यात होते आणि त्याचा ठसा उपासनेवर उमटला. प्रवचनाच्या आधी न थांबता अर्धा-अर्धा तास गायन, आणि गाणी देवाविषयी नव्हे तर थेट देवाशी, ‘तू’ म्हणून बोलणारी. इतका वेळ माणसे एका सुरात धरून ठेवायची तर कोणीतरी पुढे उभे राहणे भागच होते. ते काम त्या अर्ध्या तासाच्या गरजेतून आले; धर्मशास्त्राची मांडणी मागाहून झाली.

त्याला पैशाची बाजू मिळाली ती एका खटल्यामुळे. अमेरिकेत चर्चेस गाण्यांच्या कागदांच्या प्रती सर्रास काढत. एका प्रकाशकाने शिकागोच्या कॅथलिक महाधर्मप्रांतावर दावा लावला आणि 1984 मध्ये ज्यूरीने 30 लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. चर्चेसची झोप उडाली. पोर्टलंडमध्ये 1988 साली सीसीएलआय ही परवाना संस्था उभी राहिली. चर्चने वर्षाला शुल्क भरायचे, कोणती गाणी वापरली ते कळवायचे आणि त्या हिशेबाने गीतकाराला मानधन जायचे. त्याच नोंदींतून सर्वाधिक गायल्या जाणाऱ्या गाण्यांची यादी निघू लागली. आता रविवारची गाणी निवडणारा माणूस ही यादी पाहून निवडतो आणि त्याच्या निवडीतून पुढची यादी बनते. देवाच्या घरी हिट परेड असे कोणी म्हटले तर फार चुकणार नाही.

या यादीवर आधी सिडनीने राज्य केले. ब्रायन आणि बॉबी ह्यूस्टन यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या हिलसाँग चर्चमधून डार्लीन चेक पुढे आल्या. त्यांचे 1993 चे एक गीत जगभरच्या मंडळ्यांत पोचले आणि या कामाला पहिल्यांदा जागतिक चेहरा मिळाला, तोही बाईचा, हे विशेष. पुढे कॅलिफोर्नियातील रेडिंगचे बेथेल, नॉर्थ कॅरोलिनातील एलेव्हेशन आणि अटलांटाशी जोडलेले पॅशन यांची भर पडली. 2010 ते 2020 या काळात वर चढलेल्या 38 गाण्यांचा अभ्यास काही संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतली 36 गाणी हिलसाँगसह या चार केंद्रांशी कुठे ना कुठे जोडलेली निघाली. म्हणजे पंथाची समिती गेली, पण चाळणी राहिलीच. फक्त ती कोणाच्या हातात आहे हे बाकांवर बसलेल्यांना दिसत नाही.

प्रत्यक्ष काम जवळून पाहिले तर ते भक्तीइतकेच हिशेबाचे आहे. मोठ्या चर्चमध्ये प्रत्येक वादकाच्या कानात इअरफोन असतो आणि त्यात तालाची टिकटिक चालू असते. वर्शिप लीडरकडे कधी दुसरा माइक असतो, तो फक्त वादकांना ऐकू जातो. डोळे मिटून हात वर केलेला माणूस त्या माइकवर ‘अजून एकदा ब्रिज’ असे सांगत असतो. ब्रिज म्हणजे गाण्याचा चढत जाणारा, पुन्हा पुन्हा म्हटला जाणारा तुकडा. एवढी यंत्रणा नसेल तर हाताच्या खुणा चालतात. मूठ मिटली की शेवट. मागच्या रांगेत लॅपटॉपवर शब्द दाखवणाऱ्या पोराची खरी परीक्षा इथेच. पडद्यावर चुकीचे कडवे आले की अख्खी मंडळी अडखळते. दुसरी नेहमीची तक्रार पट्टीची. रेकॉर्डिंग उंच आवाजाच्या गायकाचे असते, तीच पट्टी रविवारी उचलली जाते आणि वरच्या सुरांवर निम्मे पुरुष गप्प होतात. पट्टी दोन सूर खाली आणणे हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय.

या संस्कृतीतली सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट इंग्लंडमधील वॉटफर्डची. सोल सर्व्हायव्हर चर्चमध्ये मॅट रेडमन आराधना घेत. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात पाळक माइक पिलाव्हाची यांनी काही काळासाठी वाद्ये आणि ध्वनियंत्रणाच काढून टाकली. आपण येताना काय घेऊन येतो, हा त्यांचा प्रश्न. त्या शांततेतून रेडमन यांचे एक गाजलेले गीत आले. ही गोष्ट प्रांजळपणाचा नमुना म्हणून वर्षानुवर्षे सांगितली गेली. 2023 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या चौकशीत पिलाव्हाची यांच्यावरील आध्यात्मिक अधिकाराच्या गैरवापराचे आणि तरुणांशी अनुचित वागणुकीचे आरोप खरे ठरले. आपल्यालाही त्रास झाल्याचे रेडमन यांनी जाहीरपणे सांगितले. त्याआधी मार्च 2022 मध्ये दोन महिलांच्या तक्रारी उघड झाल्यावर ब्रायन ह्यूस्टन हिलसाँगमधून पायउतार झाले होते. तेव्हा अनेक मंडळ्यांपुढे साधा प्रश्न आला: ही गाणी अजून गायची का? गाणी चांगली असतीलही, पण ती गायली की त्यांचे मानधन त्याच घरी जाते. पाळकाला जाब विचारायला बिशप किंवा कमिटी तरी असते. मंचावरच्या लोकप्रिय आवाजाला तो कोणी विचारायचा, याची घडी अजून नीट बसलेली नाही.

मराठी मंडळ्यांत चित्र दुपदरी आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक (1861–1919) अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) राहून भजन-अभंगांच्या वळणाने ख्रिस्ती गीते लिहीत होते. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली त्यांची गीते जुन्या मंडळ्यांत अजून क्रमांक सांगून गायली जातात. मुंबई-पुण्याच्या नव्या मंडळ्यांत मात्र हिंदी गीते आणि इंग्रजीवरून केलेली मराठी भाषांतरे जास्त चालतात. भाषांतराची अडचण ऐकताच कळते. चाल इंग्रजी आघातांवर बेतलेली, त्यामुळे ‘पवित्र’मधला ऱ्हस्व ‘प’ चार ठोके ताणला जातो आणि शब्द ओळखू येईनासा होतो. अभंगात तसे होत नाही, आणि एकाने ओळ म्हणायची व बाकीच्यांनी उचलायची ही रीतही तिथे मुरलेली आहे. कीर्तनकार आणि त्याचे टाळकरी तेच करतात. काही मंडळ्यांत हल्ली दोन्ही शेजारी बसतात. गाणे सुरू होण्याआधी पेटीवाला ‘पांढरी चार’ म्हणतो, गिटारवाला ‘एफ’ म्हणतो, आणि क्षणभर वाद घालून दोघे एकाच सुरावर येतात.