सेफ्टी की टचबॅक? मिशिगनचा १९०५ चा हंगाम इथेच हातचा गेला

अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहणाऱ्याला सगळ्यात जास्त चकवतात ते सेफ्टी आणि टचबॅक. दोन्हींत चित्र एकच दिसतं: खेळाडू चेंडू छातीशी धरून स्वतःच्याच गोलरेषेमागे थांबलेला आणि पंचांची शिट्टी. मग एका वेळी प्रतिस्पर्ध्याला २ गुण आणि दुसऱ्या वेळी काहीच नाही, असं का?

आपल्या ओळखीच्या फुटबॉलवरून हे लवकर कळतं. चेंडू गोलपोस्टाशेजारून रेषेबाहेर गेला की आपण बघतो, शेवटचा पाय कुणाचा लागला. त्यावरून गोल किक की कॉर्नर ते ठरतं. इथेही प्रश्न तोच: चेंडू गोलरेषेमागे कुणामुळे गेला? समोरच्याच्या किकने गेला आणि तुम्ही तो तिथेच धरून थांबलात, तर टचबॅक. गुण कुणालाच नाही आणि चेंडू तुमच्याकडेच. आजच्या नियमाने पंटनंतर (चेंडू हातातून सोडून, जमिनीवर पडायच्या आत मारलेली लांब किक) २० यार्डांच्या रेषेवरून पुढे खेळायचं. पण चेंडू तुम्ही स्वतः मागे नेला आणि तिथे पाडले गेलात, तर सेफ्टी. २ गुण गेलेच, शिवाय पुढची किक मारून चेंडूही त्यांच्याच हवाली करायचा.

हा फरक किती महाग पडू शकतो, ते ३० नोव्हेंबर १९०५ ला शिकागोत दिसलं. थँक्सगिव्हिंगचा दिवस, मार्शल फील्डवर २५ हजारांच्या आसपास माणसं. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांचा मिशिगन विद्यापीठाचा संघ सलग ५६ सामने हरला नव्हता. त्या हंगामातल्या १२ सामन्यांत त्यांनी ४९५ गुण केले होते आणि समोरच्यांना एकही दिला नव्हता. हा आकडा मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा थबकतो.

समोर प्रशिक्षक अमोस अलोंझो स्टॅग यांचा शिकागो विद्यापीठाचा संघ. गुण ०–०. शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने पंट मारला, तो थेट मिशिगनच्या गोलरेषेमागे. मिशिगनचा डेनी क्लार्क चेंडू तिथेच धरून थांबला असता तर टचबॅक होता. तो धावत बाहेर निघाला. रेषा ओलांडली न ओलांडली तोच शिकागोचा आर्ट बॅडेनॉक त्याच्यावर येऊन आदळला, मग मार्क कॅटलिनने त्याला जोरात मागे, गोलरेषेपलीकडे फेकलं. सेफ्टी. सामना २–० असा संपला.

इथे कुणीही विचारेल: चेंडू तर शिकागोच्याच किकने मागे गेला होता, मग सेफ्टी कशी? क्लार्क थांबला असता तर हा मुद्दा बिनतोड होता. पण त्याने चेंडू मैदानात आणला आणि किकचा हिशेब तिथे संपला. पुढे जे झालं ते चेंडू त्याच्या हातात असताना झालं.

त्याला स्वखुशीने नव्हे, ढकलून मागे नेलं होतं, हे मात्र खरंच आहे. पण तेव्हाच्या नियमांत त्याला किंमत नव्हती. चेंडूवाल्याला पुढे-मागे कुठेही ओढावं, तो जिथे पडेल ती जागा धरली जाई. आता खेळाडू जिथवर पुढे पोचला तीच जागा धरतात, नंतर प्रतिस्पर्ध्यांनी त्याला कितीही मागे रेटलं तरी. क्लार्कची ती धाव आज झाली असती तर चेंडू मिशिगनच्या गोलरेषेला अगदी खेटून ठेवला गेला असता, पण मिशिगनकडेच राहिला असता. आणि फलकावर ०–० च असतं.