पेटकर, मुरलीकांत राजाराम

पेटकर, मुरलीकांत राजाराम : (१ नोव्हेंबर १९४४). भारतीय दिव्यांग जलतरणपटू आणि पॅरालिंपिकमधील भारताच्या पहिल्या सुवर्णपदकाचे मानकरी. जन्म सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर येथे. लहानपणी कुस्तीचा नाद; पुढे सैन्याच्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स व यांत्रिक अभियंते) दलात क्राफ्ट्समन (तांत्रिक कारागीर) आणि मुष्टियोद्धा. १९६५ च्या भारत-पाक युद्धात ते गंभीर जखमी झाले. नऊ गोळ्या लागल्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी आढळतो. मणक्याच्या इजेमुळे त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयातील उपचारांच्या काळात ते पोहण्याकडे वळले.

१९६८ मध्ये इस्राएलमधील तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७० च्या एडिंबरो येथील राष्ट्रकुल पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळे पडलेल्यांच्या) स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैलीत सुवर्ण, भालाफेकीत रौप्य व गोळाफेकीत कांस्य मिळवले. परदेश दौऱ्यांसाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली.

ऑगस्ट १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली, गट ३ ही शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. ही वेळ त्या गटातील विश्वविक्रम ठरली. पायांनी पाणी मारता येत नसल्याने अशा जलतरणपटूला सगळी गती खांद्यांतून व हातांतून काढावी लागते. शिवाय कमरेखालचा भाग खाली बसू लागला की पाण्याचा अडसर वाढतो. म्हणून या वेळेची तुलना धडधाकट जलतरणपटूंच्या वेळेशी करू नये. आजच्या एस-३ (दिव्यांग जलतरणातील एक वर्ग) गटाशीही ती जुळत नाही. तेव्हाचे गट मणक्याला कोणत्या पातळीवर इजा झाली आहे यावरून ठरत. हालचालींच्या क्षमतेवर आधारलेली एस-मालिका नंतरची.

या पदकाच्या मानाविषयी लेखनात एकवाक्यता नाही. काही जण त्याला 'भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण' म्हणतात. हे ग्राह्य धरता येत नाही. तो मान नेमबाज अभिनव बिंद्रा यांचा (बीजिंग, २००८). दुसरा आक्षेप नावाचा आहे. हायडेलबर्गचा मेळावा तेव्हा एकविसाव्या आंतरराष्ट्रीय स्टोक मँडेव्हिल स्पर्धा (इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात सुरू झालेल्या दिव्यांगांच्या स्पर्धा) म्हणून भरला होता. ऑलिंपिक म्युनिकमध्ये असले, तरी तेथील क्रीडाग्राम नंतर खासगी सदनिकांसाठी द्यायचे असल्याने ही स्पर्धा हायडेलबर्गला गेली. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती तर १९८९ मध्ये स्थापन झाली. तथापि याच समितीने १९७२ ची स्पर्धा पॅरालिंपिकच्या मालिकेत धरली आहे, तेव्हा 'पॅरालिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्ण' असेच म्हणणे योग्य. दुसऱ्या सुवर्णासाठी भारताला २००४ च्या अथेन्सपर्यंत थांबावे लागले. ते भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया यांनी जिंकले. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेपर्यंत जलतरणात भारताला पॅरालिंपिकचे दुसरे पदक मिळालेले नाही. पेटकरांच्या कामगिरीची उंची यातूनच नेमकी कळते.

हायडेलबर्गला ते भालाफेक, अचूक भालाफेक (लक्ष्यावर भाला फेकणे) व स्लॅलम (चाकाच्या खुर्चीवरील अडथळ्यांची शर्यत) या प्रकारांतही उतरले होते.

पुढे पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी. पद्मश्री २०१८ मध्ये, म्हणजे सुवर्णानंतर तब्बल ४६ वर्षांनी. २०२४ चा अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव) त्यांना जानेवारी २०२५ मध्ये प्रदान करण्यात आला.