होम इन्शुरन्स बिल्डिंग
अमेरिकेतील शिकागो शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात लासाल व ॲडम्स या रस्त्यांच्या कोपऱ्यावर १८८४-८५ मध्ये उभारलेली व १९३१ मध्ये पाडलेली कार्यालयीन इमारत. न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीने ती बांधवून घेतली. वास्तुशिल्पज्ञ विल्यम ली बॅरन जेनी (१८३२–१९०७). मुळात मजले १०, उंची सु. ४२ मी.; १८९१ मध्ये आणखी दोन मजले चढविले तेव्हा ती सु. ५५ मी. झाली.

‘जगातील पहिली गगनचुंबी इमारत’ हे तिचे बिरुद वादग्रस्त आहे. उंचीचा दावा टिकत नाही. १८७५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये तिच्याहून उंच इमारती होत्या. खरा वाद सांगाड्याचा, म्हणजे इमारतीचा भार भिंतींऐवजी धातूच्या खांब-तुळयांनी पेलला का, याचा. भारवाही भिंतींच्या पद्धतीत मजले वाढले की तळाच्या भिंती जाड होत जातात; शिकागोतीलच सोळामजली मोनॅडनॉक इमारतीच्या जुन्या भागात (१८९१) त्या तळाशी सु. १·८ मी. आहेत. जेनीने दर्शनी बाजूंच्या चिरेबंदीत बिडाचे खांब बसवून मजल्यांचा भार त्यांवर टाकला. तुळया घडीव लोखंडाच्या, तर सहाव्या मजल्याच्या वरच्या मजल्यांतील पोलादी होत्या. पक्ष्याच्या पिंजऱ्यावर ठेवलेले जाड पुस्तक पाहून जेनीला ही कल्पना सुचली, ही आख्यायिकाच समजावी. लोखंडी खांब-तुळयांच्या गिरण्या इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून होत्या. मुंबईचे वॉटसन्स हॉटेलही (१८६७–६९) बिडाच्या सांगाड्यावरच उभे राहिले.

पाडकामाच्या वेळी वास्तुशिल्पज्ञ टॉमस टॅलमॅज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने उघडा पडलेला सांगाडा तपासून जेनीच्या बाजूने कौल दिला. समिती नेमणारे त्याच जागेवर नवी इमारत बांधणार होते, हे येथे लक्षात घ्यावे. उलट, वास्तुकलेचे अभ्यासक जेरल्ड लार्सन व रूला जेरानिओटिस यांनी १९८७ मध्ये दाखविले, की तळाचे ग्रॅनाइटचे खांब व मागील सामाईक भिंती भारवाहीच होत्या आणि वाऱ्याचा जोर पेलण्याइतका सांगाडा स्वतः ताठ नव्हता. त्यामुळे ही भारवाही भिंतींकडून सांगाड्याकडे जाणाऱ्या संक्रमणावस्थेतील वास्तू मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तिच्या जागी १९३४ मध्ये ४५ मजली फील्ड बिल्डिंग पूर्ण झाली.