समीकरणाच्या कडेला बसलेला तो कंसातला आकडा

गणिताच्या पुस्तकात ओळीच्या मधोमध समीकरण आणि कडेला कंसात (३.७) असं काहीतरी, याची आपल्याला इतकी सवय झालीय की तो आकडा तिथे टाकतं कोण हा प्रश्नच पडत नाही. इंटिग्रल कितीही देखणा छापा, मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा हा आकडाच वाटतो.

आधी खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचा जमाना, गणिताची छपाई म्हणजे ती अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरचं अतिशय किचकट काम आणि प्रेसवाले त्याचे जादा पैसे लावायचे. कॉम्प्युटरवर पहिलं मोठं पाऊल अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत पडलं, ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांनी १९७५ च्या आसपास ‘इक्यूएन’ हा समीकरणं छापायचा प्रोग्राम आणला, त्यात ‘एक्स सब आय’ असं बोलल्यासारखं टाइप करायचं.

मग १९७७. स्टॅनफर्डच्या डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाच्या हातात स्वतःच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, फोटोटाइपसेटिंगची, म्हणजे खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरं जुळवलेली, आणि ती इतकी वाईट दिसत होती की त्याने सगळं बाजूला ठेवून टेक नावाचं छपाईचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. सुट्टीच्या वर्षात उरकेल असं वाटलेलं, दहाएक वर्षं लागली. गणित सुरू करायला डॉलरचं चिन्ह आणि स्वतंत्र ओळीतल्या समीकरणाला डबल डॉलर, का तर गणित छापणं महाग असायचं म्हणून! पण नूथच्या साध्या टेकमध्ये नंबर तुम्हीच द्यायचा, सॉफ्टवेअर फक्त तो उजव्या किंवा डाव्या कडेला नीट बसवून देणार. म्हणजे मध्येच एक समीकरण घुसवलं की पुढचे सगळे आकडे हाताने बदला आणि मजकुरात जिथे जिथे ‘समीकरण (१२) वरून’ लिहिलंय ते पण शोधा, आणि एक जरी सुटलं तरी वाचणारा भलत्याच समीकरणाकडे जातो.

हे ओझं लेस्ली लॅम्पोर्टच्या लाटेकने, म्हणजे टेकवरच उभारलेल्या सोप्या सॉफ्टवेअरने उतरवलं, १९८० च्या दशकात. मॅन्युअल १९८६ चं. समीकरणाला लेबल द्यायचं, म्हणजे नाव, आणि मजकुरात त्या नावाने हाक मारायची, आकडा सॉफ्टवेअरचा काउंटर, म्हणजे आतली मोजणी, ठरवणार. एका फेरीत सॉफ्टवेअर आकडे बाजूच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या फेरीत वाचतं, म्हणून फाइल दोनदा चालवावी लागते आणि पहिल्यांदा तिथे दोन प्रश्नचिन्हं दिसतात. नवीन माणूस ती बघून घाबरतो, घाबरू नका, परत एकदा चालवा.

लाटेकची कमजोर बाजू म्हणजे अनेक ओळींची समीकरणं. त्यासाठी दिलेली आज्ञा, ‘इक्यूएनअरे’, बरोबरच्या चिन्हाभोवती जास्तच मोकळी जागा सोडतं आणि ओळ लांब झाली तर सरळ नंबरावर चढतं. आजही लोक जुन्या फाइलीतून ते कॉपी करतात, कृपा करून करू नका. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसाठी फ्रँक मिटेलबाख आणि राइनर शॉफ यांनी केलेलं पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायचा जादा आज्ञांचा संच, १९९० मध्ये आलं, आज आपण ज्याला एएमएसमॅथ म्हणतो ते त्यातूनच आलेलं. अनेक ओळी नीट मांडणारे अलाइन, गॅदर, मल्टलाइन, नको त्या ओळीचा नंबर काढणारं नोटॅग, हवं ते नाव देणारं टॅग, मजकुरात समीकरणाचा नंबर देताना आपोआप कंस लावणारं इक्यूरेफ, सगळं त्यात आहे. सोसायटीच्या स्वतःच्या लेखाच्या साच्यात मात्र नंबर डावीकडे येतो, साध्या लाटेकमध्ये उजवीकडे.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये हे सगळं यायला वेळ लागला. २००७ ला नवीन समीकरण-सोय आली तरी नंबरासाठी लोक बिनरेघांचं तीन खणांचं टेबल करून शेवटच्या खणात आकडा टाकायचे, समीकरणाच्या शेवटी हॅश (#) टाकून नंबर द्यायची सोय बरीच नंतरची.

आणि ब्राउझरमध्ये मॅथजॅक्स आलं, वेबपानावर गणित दाखवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या २.० व्हर्जनपासून तीच लेबल आणि इक्यूरेफ वेबवर चालतात, फक्त आपोआप नंबर देणं मुळात बंद असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं.