मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा विरळ ठिकाणी प्रसार

मूत्रपिंडात उगम पावलेला कर्करोग फुप्फुसे, हाडे, लसीका ग्रंथी, यकृत आणि मेंदू या नेहमीच्या ठिकाणांखेरीज थायरॉइड ग्रंथी, स्वादुपिंड, नाक, जीभ, डोक्याची त्वचा, डोळ्याची खोबण किंवा पित्ताशय येथे जाऊन वाढू लागला, तर त्यास विरळ ठिकाणचा प्रसार म्हणतात. ‘विरळ’ हे विशेषण एकेका जागेपुरतेच खरे आहे. हा कर्करोग जेथे कधीच पोचलेला नाही, असा अवयव शोधून सापडणे कठीण.

मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या अस्तरापासून होणाऱ्या या कर्करोगाचा सर्वांत मोठा प्रकार, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत आढळणारा, ‘क्लिअर सेल’ (पारदर्शक पेशींचा) हा होय. त्यात बहुधा तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. त्यामुळे पुरेसा ऑक्सिजन मिळत असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या ओढून घेणारी द्रव्ये सोडत राहते. मुळात हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो, त्यात ही भर. सुटलेल्या पेशी मूत्रपिंडाच्या नीलेतून महानीलेत, तेथून हृदयाच्या उजव्या बाजूस व फुप्फुसांत जातात, हा सरळ रस्ता. पण पाठीच्या कण्याभोवती झडपा नसलेल्या नीलांचे जे जाळे शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये वर्णिले, त्यातून फुप्फुसे वगळून थेट डोक्यापर्यंत पोचता येते. डाव्या वृषणाची अथवा बीजकोशाची नीला डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेस मिळते, म्हणून उलट्या प्रवाहाने पेशी वृषणात किंवा योनिमार्गातही उतरतात. रस्ता असा समजतो. मुक्काम मात्र त्याने पुरता उलगडत नाही. पेशी हे बी आणि अवयव ही जमीन, हा इंग्लिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडलेला विचार त्यासाठी आजही घ्यावा लागतो.

गळ्याखालच्या अवयवांतून नाकात व सायनसमध्ये येणाऱ्या कर्करोगांत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. त्याचे लक्षण एवढेच, की एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येते. ग्वाल्हेरमध्ये मे महिन्यात लू वाहू लागली की घोळणा फुटणे नवे नसते. लष्कर भागातल्या मराठी घरांत तो उष्णतेवर घालून डोक्यावर ओला पंचा ठेवतात, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते. पण पावसाळा लागल्यावरही त्याच नाकपुडीतून रक्त येत राहिले, तर दुर्बिणीने पाहणे आवश्यक ठरते. आत दिसणारी लालभडक वाढ साधा पॉलिप समजून तिचा तुकडा काढल्यास रक्तस्राव आवरणे अवघड जाते, म्हणून आधी स्कॅन करणे श्रेयस्कर. डोक्याच्या त्वचेवरील गाठही अशीच फसवी: लालसर जांभळी, बोट ठेवल्यास नाडीसारखी उडणारी, रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठीसारखी.

मूत्रपिंड काढून टाकल्यावर दहा वर्षांनी, क्वचित वीस वर्षांनीही, हा रोग डोके वर काढतो. तोवर रुग्ण ती शस्त्रक्रिया मागे टाकून बसलेला असतो. ग्वाल्हेरला १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे राहून करवलेली असली, तर कागद तिकडेच राहतात आणि मानेवरची गाठ दाखवायला आलेली व्यक्ती ‘पूर्वी काही आजार?’ या प्रश्नाला नाही म्हणते. त्या एका उत्तराने निदान भरकटते, कारण थायरॉइडच्या स्वतःच्या काही गाठीही सूक्ष्मदर्शकाखाली अशाच दिसतात. मूत्रपिंडातली मूळ गाठ कापल्यावर अंड्याच्या बलकासारखी पिवळी दिसते. काचपट्टी तयार करताना पेशींतील मेद व ग्लायकोजेन धुऊन जातात आणि पेशी रिकाम्या, पारदर्शक भासतात. पॅक्स-८ हे प्रथिन मूत्रपिंड व थायरॉइड या दोन्हींच्या पेशींत सापडत असल्यामुळे येथे ते एकटे निवाडा देत नाही. थायरोग्लोब्युलिन या थायरॉइडच्याच पेशींत बनणाऱ्या प्रथिनाची चाचणीही लागते, आणि जुनी काचपट्टी मिळाली तर शेजारी ठेवून ताडता येते.

प्रसार एकाच जागी असल्यास आणि रुग्णास झेपत असल्यास शस्त्रक्रियेने तो काढतात. एरवी रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी सुनिटिनिबसारखी औषधे, ज्यांचा वापर २००६ पासून रूढ झाला, आणि निव्होलुमॅबसारखी प्रतिकारशक्तीस चालना देणारी औषधे देतात. केवळ स्वादुपिंडात झालेला प्रसार बहुधा संथ वाढतो, आणि अशा रुग्णांचे आयुर्मान फुप्फुसांत किंवा मेंदूत प्रसार झालेल्यांपेक्षा सहसा अधिक असते.